आधी आवाज, मग ताकद. टायरचं पुढच्या वर्षी बघू

गाडीचा शेवटचा हप्ता गेल्याचा बँकेचा मेसेज दुपारी आला आणि संध्याकाळी घरी येताना तुम्हाला पहिल्यांदाच वाटलं, गाडी जरा सुस्त झालीय. असं सगळ्यांचंच होतं. सात वर्षं पुण्यात वारज्याच्या पुलावर पुढच्याच्या बंपरला चिकटून धावलेली गाडी हप्ता संपला की एका दिवसात म्हातारी होते, आणि तिला पुन्हा तरुण करायची जबाबदारी तुमच्या गळ्यात पडते.

समजा, तुमच्याकडे पोलो जीटी टीएसआय आहे. समजा कशाला, तीच आहे. दुसरी असती तर तुम्ही इथवर वाचलंच नसतं. चाकणला बनलेली, 1.2 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 105 पीएस, म्हणजे घोडेच समजा, 175 न्यूटन मीटरचा जोर, आणि डीएसजी, म्हणजे सात गिअर आपोआप बदलणारा गिअरबॉक्स. 2022 मध्ये कंपनीनं भारतातली पोलो बंद केली, तेव्हा तुम्ही दोन दिवस नीट जेवला नव्हता. आता दिवाळीचा बोनस आणि मोडलेली एक एफडी मिळून सव्वा लाख हाताशी आहेत. प्रश्न एवढाच, की आधी काय करायचं?

पहिली गोष्ट, हे विचारायला मेकॅनिककडे जाऊ नका. तो गाडी लिफ्टवर घेणार, खालून टॉर्च मारणार, चाक धरणाऱ्या लोअर आर्मचा रबरी बुश पान्ह्यानं हलवून दाखवणार आणि म्हणणार, "साहेब, आधी एवढं करून घ्या. आणि हा शॉकअप गळतोय बघा." अशा माणसांमुळे गाड्यांची प्रगती खुंटते. बुश बदलणं हा खर्च असतो. अपग्रेड वेगळं. खर्च नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानातून वर्तमानपत्रात गुंडाळून येतो, अपग्रेड खोक्यातून येतं आणि खोक्यात दोन स्टिकर फुकट असतात. ही व्याख्या पाठ करून ठेवा, घरी उपयोगी पडेल.

कुठलीही वस्तू घेण्याआधी दोनच गोष्टी तपासा. उभ्या गाडीत ती दिसते का? आणि चालत्या गाडीत ती तिसऱ्या मजल्यावर ऐकू येते का? दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल, तर त्या वस्तूनं गाडी कितीही सुधारत असली तरी तिचा विचार पुढच्या वर्षी करावा.

सुरुवात अक्षरांपासून करा. मागच्या दारावरचं 'जीटी टीएसआय' काढून तिथे 'जीटीआय' लावा. पाचशे रुपयांत काम होतं, आणि रुपयामागे इतकी ताकद दुसऱ्या कुठल्याच बदलात वाढत नाही. खरी पोलो जीटीआय भारतात 2016 मध्ये आली, 1.8 लिटरची, 192 पीएसची, तीन दारांची. किंमत 25.99 लाख, आणि आणल्या फक्त 99. त्यातल्या दीडशे एकट्या कोथरूडमध्ये फिरताना दिसतात, सगळ्या पाच दारांच्या. मागच्या दोन दारांचं कुणी विचारलं, तर "फॅमिली आहे ना" म्हणायचं.

मग आवाज. कोन फिल्टर बसवून घ्या. कंपनीनं हवेचा डबा बंद ठेवून त्याला बाहेरून थंड हवा घ्यायची नळी दिलेली असते, कारण गरम हवा विरळ असते आणि विरळ हवेत इंजिनाला जोर कमी येतो. उघडा कोन फिल्टर बॉनेटखालची भाजलेली हवा ओढतो. ताकद थोडी घटते, पण हवा ओढल्याचा आवाज असा काही येतो, की घटलेली ताकद वाढल्यासारखी वाटते. वाटण्यावरच तर हा सगळा बाजार चाललाय. सोबत टर्बोची जादा हवा सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह लावलात तर गिअर बदलताना शिट्टीही होईल. आमच्या शेजारच्या काकू दोनदा गॅस बंद करायला उठल्या होत्या.

एग्झॉस्टबद्दल फार सांगायला नको, ते तुम्ही आधीच निवडलंय. फक्त एक. पॉपकॉर्न फुटल्यासारखे फटाके हवे असतील, तर गाडीला लॅपटॉप जोडून इंजिनाची सेटिंग बदलून देणारा एक मुलगा असतो, तो लॅपटॉपवाला मुलगा तेही टाकून देतो. न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन एग्झॉस्टमध्ये जळतं, एवढीच त्यातली विद्या. धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं आयुष्य त्यात जातं, पण तो खाली असतो, कुणाला दिसत नाही, म्हणजे आपल्या कसोटीत तो नापासच. पोलीस जप्त केलेले बुलेटचे सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवतात, ती दृश्यं तुम्ही बातम्यांत पाहिली असतील. घाबरू नका. ते सायलेन्सर बुलेटचे. तुमचा आवाज 'ट्यून केलेला' आहे.

आता मुख्य विषय, रीमॅप, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधली सेटिंग बदलणं. हा नीट समजून घ्या, कारण घरी समजावून सांगायचाय.

कंपनीचे इंजिनिअर भित्रे असतात. नांदेडच्या मे महिन्यातही गाडी चालावी, कुठल्याही आडगावच्या पंपावरचं पेट्रोल चालावं, मालकानं सर्व्हिसिंग दोन महिने पुढे ढकललं तरी इंजिन तग धरावं, असल्या क्षुल्लक कारणांसाठी ते टर्बोचा दाब आणि स्पार्कचं टायमिंग जरा राखून ठेवतात. ही राखीव ताकद म्हणजे तुमच्याच पैशांची अडकलेली ठेव. लॅपटॉपवाला मुलगा ती चाळीस मिनिटांत मोडून देतो. स्टेज वन! 105 चे 130 च्या पुढे, 175 चे 220 च्या आसपास. कागदावर आलेख मिळतो. तो लॅमिनेट करून घ्या, गाडीच्या कागदपत्रांत पियुसीच्या पुढे ठेवायला बरा.

घरी मात्र घोड्यांचा विषय काढू नका. घरी म्हणायचं, "अगं, याने एव्हरेज वाढतं." वाढतं म्हणे, हळू चालवलं तर. आणि हळू चालवायला आपण तीस हजार घालतोय हे तिच्या लक्षात येईपर्यंत काम झालेलं असतं.

रीमॅप केलेल्या गाडीला सहसा 95 किंवा त्यावरच्या ऑक्टेनचं पेट्रोल लागतं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पंपावरच्या पोऱ्यानं "पॉवर टाकू का साधं?" विचारलं, की तुम्ही काच खाली न करता नुसती मान हलवाल. 100 ऑक्टेनचंही मिळतं, लिटरला दीडशेच्या पुढे. पंचवीस तारखेनंतर मात्र तुम्हीच हळूच "साधंच टाक" म्हणाल. मग इंजिनातला नॉक सेन्सर धडधड ओळखतो, स्पार्कचं टायमिंग मागे घेतो, आणि विकत घेतलेले घोडे पगार होईपर्यंत तबेल्यात जाऊन बसतात. पण आलेख लॅमिनेट केलेला आहे, तो थोडाच बदलतो!

गिअरबॉक्सची काळजी कुणीतरी करेलच. तुमचा डीएसजी कोरड्या क्लचचा, साधारण 250 न्यूटन मीटरपर्यंत झेपेल असा बनवलेला. तुम्ही 220 वर आहात. म्हणजे अजून तीस पडून आहेत, वाया जाताहेत. स्टेज टू! तोच क्लच रोज संध्याकाळी हिंजवडीच्या रांगेत अर्धा धरत, अर्धा सोडत तापत असतो आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी थरथरते, ती उत्साहानं थरथरते असं समजावं.

आणि हे सगळं करून मिळतं काय? कंपनी 0 ते 100 साठी 9.7 सेकंद सांगायची, त्यातलं सेकंदभर वाचेल. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर गाड्यांना कमाल वेग 100, वर कॅमेरे. म्हणजे कायद्यानं जिथे थांबायचं, तिथे तुम्ही एक सेकंद आधी पोहोचणार. ते वाचलेलं सेकंद परत येताना चांदणी चौकात उभं राहून खर्च करा.

ब्रेक. हो, ब्रेकही सुधारायचे, मी काही बेजबाबदार माणूस नाही. लाल रंगाची कॅलिपर कव्हर मिळतात, चाराचा सेट घ्या. तुमच्या गाडीला मागे डिस्क नाही, ड्रम आहेत, त्यांना कॅलिपर नसतोच. ड्रमवर कॅलिपरचं कव्हर म्हणजे टकलावर गजरा, पण अलॉयमधून लाल दिसतं आणि तेवढंच हवंय. खरे चांगले पॅड टाकायचे तर दिसत नाहीत. ब्रेक ऑइल बदललेलं तर तुम्हालाही दिसत नाही. ते हवेतलं पाणी शोषतं म्हणून दोन वर्षांनी बदलायचं असतं. डॉट फोरचं ऑइल ताजं असताना निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की 155 लाही उकळू शकतं. हा फरक फक्त ताम्हिणी उतरताना शेवटच्या काही वळणांवर कळतो, पायाखालचं पेडल शिऱ्यात रुतल्यासारखं खाली जातं तेव्हा. एरवी कळत नाही. म्हणून घाट संपेपर्यंत तो खर्च पुढे ढकलता येतो.

शाळेतलं एक गणित इथे उगाच आठवतं: वेग 100 चा 120 झाला, म्हणजे 20 टक्के वाढला, तर ब्रेक लागल्यावर थांबायचं अंतर 44 टक्के वाढतं. विसरून जा. गणितानं मूड जातो.

गाडी खाली बसवायची का? अवश्य. कंपनीनं तिला जमिनीपासून 165 मिलिमीटरच्या आसपास ठेवलंय, लोअरिंग स्प्रिंगांनी त्यातले 40 कमी होतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच सांगितलाय, म्हणजे हिशेबानं तुम्ही आरामात निघाल. तुमच्या सोसायटीतला गतिरोधक मात्र गेटचं काम झाल्यावर उरलेल्या सिमेंटात, सेक्रेटरींच्या देखरेखीखाली झालाय. तिथे सासूबाईंना म्हणावं लागेल, "आई, जरा उतरता का? गाडी घासते." पूर्वी खंबाटकीच्या चढणीला बैल दमले की माणसं गाडीतून उतरून चालायची. 130 पीएसच्या गाडीनं तीच प्रथा पुन्हा सुरू केली तर बिघडलं कुठे?

आता कायद्याचं थोडक्यात, कारण सोसायटीत एखादे निवृत्त आरटीओ अधिकारी असतातच. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं, की आरसी बुकात नोंदलेला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानंही 2019 च्या जानेवारीत हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं शिक्षाही ठरली: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये, किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागे, हे लक्षात घ्या. म्हणजे सरकारही तुमच्यासारखंच यादी करून एकेक वस्तू मोजतं. चार बदलांचे 20,000 होतात. योगायोग असा, की तुमच्या मापाचे चार बरे टायर जवळपास तेवढ्यातच बसतात.

टायरचं निघालंच आहे तर एकदा वाकून बघा. बाजूला 'DOT' अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी चार आकडे असतात; 2317 असेल तर टायर 2017 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. त्याला बोट लावलंत तर गुळगुळीत लागेल, लहान मुलाच्या गालासारखं. खाचांची खोली 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली की कायद्यानं टायर संपला, पण तो गोल आहे, काळा आहे, फिरतो आहे. लांबून नव्यासारखाच दिसतो. समृद्धी महामार्गावर घासलेले टायर बघून गाड्या परत पाठवायची मोहीम झाली होती, तर समृद्धीवर जायचं नाही, आपला जुना रस्ता काय वाईट आहे? 220 न्यूटन मीटर त्या तळहाताएवढ्या दोन चकत्यांतून पावसाळी डांबरावर उतरवायचे असतात हे खरं. पण नवे टायर घातलेत म्हणून आजवर पार्किंगमध्ये कुणी थांबून "भारी!" म्हटलंय का?

कुणी शहाणा म्हणेल, सव्वा लाखातले थोडे पैसे स्वतः शिकण्यावर घाल. कोइंबतूरच्या कारी स्पीडवेवर नाहीतर चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला जा, ट्रॅकवर चालवायला शिकवणारे तिथे येतात. पोलोंची स्वतंत्र शर्यतमालिका 2010 पासून अशाच ट्रॅकवर धावली. त्या गाड्यांना आतून उघडंबोडकं करून चालकाभोवती पोलादी पिंजरा बसवलेला असायचा, टायर खास शर्यतीचे असायचे. आपण त्यातलं घेण्यासारखं ते घेतलंच आहे: दारावरचा नंबर आणि बॉनेटवरचा पट्टा. शिकवणीत धोका असा, की शिकवणारा पहिल्या दोन फेऱ्यांत ओळखतो, की गाडी आहे तेवढी पुरे आहे. असं ऐकायला हजार किलोमीटर कशाला जायचं? घरी बायको फुकट सांगते.

काढलेल्या मूळ वस्तू मात्र टाकू नका. स्प्रिंगा, फिल्टरचा डबा, सायलेन्सर, 'टीएसआय'ची अक्षरं, सगळं एका खोक्यात भरून माळ्यावर गणपतीच्या मखरामागे ठेवा. एक दिवस क्लच जाईल, बिलाचा आकडा ऐकून तुम्ही गाडी विकायला काढाल, आणि दोन रविवार खर्चून सगळं पुन्हा जसंच्या तसं बसवाल. लॅपटॉपवाला मुलगा जुनी फाइल परत टाकून देईल, पाच हजारांत. जाहिरातीत लिहा: सिंगल ओनर, कंपनी मेंटेन्ड, पूर्ण स्टॉक, डॉक्टरांचा वापर.

गिऱ्हाईक येईल, सोबत त्याचा मेकॅनिक असेल. मेकॅनिक बॉनेट उघडणार नाही. आवाज ऐकणार नाही. गाडीभोवती एक चक्कर मारील, पुढच्या चाकाशी उकिडवा बसेल, टायरवरून अंगठा फिरवील आणि तुमच्याकडे न बघता मालकाला सांगेल, "चारही टाकावे लागतील. वीस कमी करायला सांगा."