बॉनेटवरचा पंजा

वस्तीतल्या रस्त्यांवरची वेगमर्यादा ताशी ५० किलोमीटरवरून ३० वर आणायची का, यावर सध्या जो तो बोलतोय. बहुतेकांचा सूर एकच. "म्हणजे आम्ही आता बैलगाडी चालवायची का?" मी बावीस वर्षं गाडी चालवते आणि काही वर्षांपूर्वी मीही हेच म्हणाले असते. आज मी ३० च्या बाजूने आहे, अगदी ठामपणे. का, ते लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

संध्याकाळची वेळ होती. ऑफिसमधून निघायला उशीर झाला होता आणि माझ्यापुढे नेमकी एक शिकाऊ गाडी. मागच्या काचेवर लाल 'एल'. तिचा वेग धड तीसही नव्हता आणि पुढे काढायला जागा नव्हती. मी दोनदा हॉर्न वाजवला, मनातल्या मनात चरफडले. शेवटी ती डावीकडे वळली, समोरचा रस्ता मोकळा झाला आणि मी ॲक्सिलरेटरवर पाय दिला. गाडी वेग घेतेय न घेतेय तोच थांब्यावर उभ्या असलेल्या बसच्या पुढून एक आजोबा थेट रस्त्यात आले.

ब्रेक कधी मारला ते मला आठवत नाही. गाडी थांबली तेव्हा त्यांचा उजवा हात माझ्या बॉनेटवर होता. धक्का लागला नव्हता, तोल सावरायला त्यांनीच हात टेकला होता. मी खाली उतरले. माझे पाय लटपटत होते आणि त्यांचेही. तर उलट तेच मला म्हणाले, "चुकलं हो ताई माझं. पलीकडची बस सुटेल म्हणून घाई केली."

घरी येऊन बघितलं तर बॉनेटवरच्या धुळीत पाचही बोटं उमटलेली. दोन दिवस मी गाडी पुसली नाही.

ज्यांना ज्यांना हे सांगितलं ते सगळे म्हणाले, तुझी काहीच चूक नव्हती. खरंच नव्हती. पण आजोबा वाचले ते माझी चूक नव्हती म्हणून नाही. ते वाचले कारण त्या क्षणी माझा काटा तिसाच्या आसपास होता. या सगळ्या वादात मला एवढंच कळतं. चूक कोणाची हे नंतर ठरतं, पण माणूस जगणार की नाही हे गाडीचा वेग आधीच ठरवून बसलेला असतो.

हिशेब शाळेतल्या गणिताचा आहे. समोर काही दिसणं आणि पाय ब्रेकवर पडणं यात सावध ड्रायव्हरचाही साधारण एक सेकंद जातो. ५० च्या वेगाने त्या एका सेकंदात गाडी जवळपास १४ मीटर पुढे गेलेली असते, ३० च्या वेगाने ८ मीटर. त्यानंतर ब्रेक. रस्ता कोरडा आणि टायर चांगले असले तर ३० ची गाडी आणखी ५ मीटरमध्ये उभी राहते. झाले एकूण १३ मीटर. म्हणजे ३० ची गाडी जिथे पूर्ण थांबलेली असते, तिथे ५० च्या गाडीचा ब्रेक अजून लागलेलाही नसतो. आजोबा माझ्यापासून साधारण तेवढ्याच अंतरावर होते. त्या दिवशी मी पन्नासला असते, तर पन्नासनेच त्यांना धडकले असते.

धडकेचा जोर तर वेगाच्या वर्गाने वाढतो. पन्नासची धडक म्हणजे साधारण १० मीटर उंचीवरून खाली पडणं, तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून पडावं तसं. तीसची म्हणजे साडेतीन मीटरवरून, पहिल्या मजल्यावरून. तिथून पडलेला माणूस हाडं मोडून का होईना, बहुतेक वेळा घरी परत येतो. स्पीडोमीटरवर मात्र या दोन्हींतलं अंतर दोन बोटांचंसुद्धा नसतं.

मग लोक म्हणतात, चालणाऱ्यांनी नीट बघून चालावं ना! मला या वाक्याचा मनापासून राग येतो, कारण ते बोलणारा माणूस बहुधा गाडीत बसलेला असतो.

माझी आई रस्ता ओलांडताना माझं मनगट घट्ट धरते. "ती लाल गाडी जाऊ दे." जाते. "आता ती मागची पण जाऊ दे." तीही जाते. मी म्हणते, आई, ती अजून खूप लांब आहे. ती म्हणते, "असू दे, माझ्या गुडघ्यांना माहितेय." तिच्या गुडघ्यांचं गणित अगदी बरोबर आहे. तिच्या वयाची, गुडघे दुखणारी माणसं सेकंदाला पाऊण-एक मीटर चालतात. मध्ये दुभाजक नसलेला १४ मीटर रुंदीचा रस्ता ओलांडायला तिला सतरा-अठरा सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ५० ने येणारी गाडी जवळजवळ अडीचशे मीटर कापते. म्हणजे आईने पहिलं पाऊल टाकताना अडीचशे मीटर लांबची गाडी बघायची, तिचा वेग ओळखायचा, आणि मध्ये एखादं वळण किंवा कडेला उभा टेम्पो असला तर जे दिसतच नाही त्याचाही अंदाज बांधायचा. हल्ली ती पलीकडे जाणंच टाळते. अपघातांच्या कुठल्याही आकडेवारीत माझी आई नाही, कारण तिला कधी काही झालेलं नाही. ती फक्त घराबाहेर पडायची कमी झाली आहे.

आणि मुलं? समोरून येणारी गाडी डोळ्यांत किती झपाट्याने मोठी होते, यावरून मेंदू तिचा वेग ओळखतो. प्राथमिक शाळेतल्या मुलांची ही नजर अजून तयार झालेली नसते. साधारण तिसाच्या वर वेग गेला की येणारी गाडी जवळ येतेय हे त्यांना वेळेत उमगेलच असं नाही, हे संशोधनातून दिसलेलं आहे. अशा मुलाला आपण 'लक्ष कुठे होतं तुझं' म्हणून ओरडतो. तो बिचारा बघत असतो. त्याला दिसत नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२१ मध्ये जगभरात रस्त्यांवर सुमारे ११ लाख ९० हजार माणसं गेली आणि ५ ते २९ वयोगटातल्या मृत्यूंचं पहिलं कारण हेच आहे.

वेळ वाया जातो, हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही, कारण उशीर झाला की माझंही डोकं फिरतं. पण दोन सिग्नलमधला अर्धा किलोमीटर पकडा. ५० ने ३६ सेकंद, ३० ने ६०. फरक चोवीस सेकंदांचा, आणि तोही रस्ता पूर्ण रिकामा मिळाला तर. बहुतेक वेळा ते चोवीस सेकंद पुढच्या लाल दिव्यावर जिरून जातात. शिवाय मागणी वस्तीतल्या, शाळांच्या, बाजारांच्या रस्त्यांसाठी आहे. शहराबाहेरच्या हायवेला कोणी हात लावत नाहीये. प्रदूषण वाढेल म्हणतात, पण शहरात धूर जास्त करून सोडतं ते सतत रेस करणं आणि ब्रेक मारणं. त्यावर याहून जास्त वेळ घालवावासा वाटत नाही.

मर्यादा म्हणजे स्वातंत्र्यावर घाला, हे म्हणणं मात्र जुनं आहे आणि ते एकदा करून बघितलेलं आहे. ब्रिटनने १९३० मध्ये मोटारींची वेगमर्यादाच काढून टाकली. १९३४ मध्ये तिथे रस्त्यांवर ७,३४३ माणसं मेली, आणि तेव्हा गाड्या आजच्या मानाने मूठभर होत्या. १९३५ मध्ये वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटरची मर्यादा आणावी लागली. आज जो पन्नासचा आकडा आपल्याला दगडावर कोरल्यासारखा वाटतो, त्याच्यासारख्याच आकड्यावर तेव्हाही असाच कल्लोळ झाला होता.

त्यानंतर ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराने १९९२ मध्ये मुख्य रस्ते सोडून सगळीकडे ३० केलं. आधी विरोध मोठा होता, लागू झाल्यावर पाठिंबा वाढत गेला. स्पेनने मे २०२१ पासून शहरांमधल्या, प्रत्येक दिशेला एकच लेन असलेल्या रस्त्यांवर देशभर ३० आणलं. पॅरिसने त्याच वर्षी ऑगस्टअखेरीस बहुतेक रस्त्यांवर. फिनलंडच्या राजधानीत, हेलसिंकीत, बरेच रस्ते ३० चे आहेत. तिथे २०१९ या संपूर्ण वर्षात रस्त्यावर चालणारा एकही माणूस गाडीखाली गेला नाही. एकही नाही. मी हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा परत मागे जाऊन वाचलं होतं.

आमच्या बाजूच्या लोकांनाही मला काही सांगायचंय. ब्रिटनमधल्या वेल्सने सप्टेंबर २०२३ मध्ये वस्तीतल्या रस्त्यांवर ताशी २० मैल, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटर केले. त्याविरुद्ध साडेचार लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या, आणि त्या देशाची लोकसंख्या एकतीस लाखांच्या आसपास आहे. ते सगळे काही बेफिकीर लोक नव्हते. जिथे घर नाही, शाळा नाही, कोणी चालत नाही अशाही काही रस्त्यांवर तीच पाटी लागली तर लोक चिडणारच. पुढे सरकारला काही रस्ते वगळायची तयारी दाखवावी लागली. पण पहिल्या वर्षात तिथे कमी वेगाच्या रस्त्यांवर जखमी होणाऱ्यांची संख्या चांगलीच खाली आली, हेही तेवढंच खरं. आधी रस्ता बघा, तिथे कोण चालतं ते बघा, मग आकडा ठरवा.

आणि नुसती पाटी लावून जबाबदारी झटकू नका. चार लेनचा सरळसोट गुळगुळीत रस्ता ड्रायव्हरला म्हणतो 'पळव', आणि कडेची पाटी म्हणते '३०'. पाय रस्त्याचं ऐकतो. झेब्रा क्रॉसिंग फूटपाथच्या उंचीला आणा, कोपऱ्यांची वळणं आवळा म्हणजे गाडी वळताना आपोआप हळू होईल, लेन थोड्या अरुंद करा, क्रॉसिंगच्या अलीकडचं पार्किंग काढा म्हणजे उभ्या गाडीच्या आडून येणारा माणूस दिसेल. हे न करता झाडामागे पाटी आणि तिच्यापुढे दंडाचा कॅमेरा एवढंच केलंत, तर विरोधाला मीही उभी राहीन.

त्या आजोबांना मी पलीकडे सोडलं. त्यांची बस निघून गेली होती. पुढची येईपर्यंत मी त्यांच्याबरोबर थांबले. त्यांना किंवा मला त्या शिकाऊ गाडीची तेव्हा आठवणसुद्धा झाली नाही. रात्री झोपताना लक्षात आलं, की ती एक वळण आधीच वळली असती तर मी बसपाशी पोचेपर्यंत पन्नासच्या पुढे गेले असते. गाडीत कोण शिकत होतं मला माहीत नाही, तोंडसुद्धा बघितलं नाही. मी त्यांच्यामागे दोनदा हॉर्न वाजवला होता.