दादाला आणायचं म्हणजे

मागच्या दिवाळीला आईनं मला दोन कामं सांगितली, एक आकाशकंदील आणायचा आणि दुसरं दादाला आणायचं. आकाशकंदील वीस मिनिटांत आला.

दादा मराठा पलटणीत आहे, सध्या काश्मीरात. आमचं गाव कोरेगाव तालुक्यात, वाठार स्टेशनच्या जवळ. साताऱ्याकडं फौजी म्हणजे काय अप्रूप नाही हो, आमच्याच जिल्ह्यात अपशिंगे गावाच्या नावाला लोकांनी कायमचं 'मिलिटरी' जोडून टाकलंय. पण ज्याच्या घरचा फौजी दिवाळीला यायचा असतो ना, त्या घरात फराळाच्या आधी रेल्वेचं टाइमटेबल तळायला घेतात.

आता लोकांना वाटतं फौजीला सुट्टी भरपूर असते. असते की. वर्षाला 60 दिवस वार्षिक रजा आणि वर 30 दिवस कॅज्युअल, आमच्या ऑफिसात एवढी मागितली तर एचआरवाली बाई चक्कर येऊन पडेल. पण ती कधी मिळणार हे कोण सांगणार? त्यात दादाची पलटण मराठा, म्हणजे अख्ख्या कंपनीला गणपती एकाच वेळी, दिवाळी एकाच वेळी आणि गावची यात्रा पण साधारण एकाच वेळी. सगळ्यांना एकदम सोडलं तर बॉर्डरवर उभं कोण राहणार, सुभेदार साहेबांची मिसेस? मग वाटणी होते. ज्याला गणपती मिळाला त्याची दिवाळी गेली. आमच्या शेजारचे काका मिक्स युनिटात होते, ते अजून सांगतात, पंजाबी पोरं बैसाखीला जायची, आम्ही दिवाळीला, कुणाची कुणाला अडचण नाही.

तर दादाला तारीख विचारली की एकच उत्तर. "साहेब बघतो म्हणालेत."

आणि रेल्वेचं काय, तर बुकिंग उघडतं 60 दिवस आधी. पूर्वी 120 दिवस होतं, 1 नोव्हेंबर 2024 पासून निम्मं केलं. म्हणजे साहेब बघतायत तोवर झेलम एक्सप्रेस फुल. जम्मू ते पुणे, दोन रात्री, दोन हजार किलोमीटरच्या वर, आणि वाटेत पठाणकोट, जालंधर, अंबाला, झाशी, नगर, अर्ध्या हिंदुस्थानची छावणी त्याच गाडीच्या रुळांवर बसलीय. मी डोकं चालवलं आणि अंदाजानं तीन वेगवेगळ्या तारखांची तीन तिकिटं काढून ठेवली, म्हटलं एक तरी लागेल. लॉटरीवाले पण असंच म्हणतात. तिन्ही चुकली. प्रत्येकी 120 रुपये कापून बाकीचे परत आले.

दादा फोनवर म्हणाला, "अरे तू नको काही करूस, रेल्वे प्रवासाचं वॉरंट आहे माझ्याकडं, जम्मूला एमसीओ आहे, फौजींच्या प्रवासाचं बघणारं मिल्ट्रीचं ऑफिस, मिल्ट्रीचा कोटा असतो, मी येतो बरोबर." हे मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "त्यो लहानपणापास्नं असंच म्हणतो."

मग सुट्टी सँक्शन झाली. कधी? निघायच्या चार दिवस आधी. म्हणजे आता तत्काळ. तत्काळ ज्यांनी काढलंय त्यांना माहितीय, एसीचं दहाला उघडतं, स्लीपरचं अकराला, आणि अकरा वाजून दोन मिनिटांनी आपण एकमेकांचं सांत्वन करत असतो. शिवाय जुलै 2025 पासून त्याला आधारचा ओटीपी लागतो. माझ्या आधारला नंबर कुठला लिंक? तर मी कॉलेजात असताना घरात जो एकमेव मोबाइल होता त्याचा. तो आता आईकडं असतो.

मी पुण्यात ऑफिसच्या जिन्यात. आई गावी, चकलीच्या सोऱ्यावर.

"आई, तुझ्या मोबाइलवर आता एक नंबर येईल, सहा आकडे, लगेच वाचून दाखव."

"ओटीपी हाय का?"

"हो हो ओटीपीच, सांग लवकर."

"ओटीपी कुणाला सांगायचा नसतो."

मी म्हटलं, आई मी तुझा पोरगा बोलतोय. तर म्हणे तसंच म्हणतात ते, आवाज पण काढतात आता, टीव्हीवर दाखवलंय. मी म्हटलं अगं दादाच्या तिकिटासाठी पाहिजे. म्हणे हे पण म्हणतात, पोराचं नाव सांगून. इकडं स्क्रीनवर सेकंद पळतायत, जिन्यातून ये-जा करणारे बघतायत आणि मी ओरडून सांगतोय की माझ्या डाव्या पायाला विळा लागला होता तो कुठं लागला होता ते विचार, विहिरीवर लागला होता! शेवटी वहिनींनी फोन घेतला आणि भाऊजी भाऊजी करत सहा आकडे वाचले. तोपर्यंत वेटिंग 31. आई मागून म्हणत होती, "बघ, गेलं असतं सगळं खात्यातलं."

चार्ट लागला, तिकीट आपोआप रद्द झालं, पैसे परत. दादाचा व्हॉट्सॲप आला, एमसीओतून सीट मिळाली, बसलो. पाच मिनिटांचं काम झालं म्हणे. दोन महिने मी जे काही करत होतो त्याला काय म्हणायचं हे मला अजून कळलेलं नाही.

पण रिसीव्ह करायला तर जायलाच पाहिजे ना. मी रजा टाकून आधी गावी गेलो, तिथं भाड्याची इको ठरवली, आई, वहिनी, दादाची सहा वर्षांची पोर, आत्या, आणि आत्याचा नातू, ज्याला रील करायची होती. घराला कुलूप लावून सगळे निघालो. वाटेत जेजुरी आली. आई म्हणाली कुलदैवताच्या दारातनं तसंच पुढं कसं जायचं. आम्ही पायऱ्या चढलो, भंडारा उधळला, दिवे घाटात ट्रॅफिकमध्ये अडकलो, आणि पुणे स्टेशनला पोचलो तेव्हा सगळे हळदीत बुडवून काढल्यासारखे पिवळे.

गाडी आली. आणि मग लक्षात आलं की झेलममधून उतरणारा प्रत्येक दुसरा माणूस दादा आहे. तोच हेअरकट, तोच पाठीवरचा पिट्टू, तीच चाल. आईनं लांबून बघितलं आणि धावत जाऊन एकाच्या गळ्यात हार घातला. तो जतचा निघाला. बिचारा वाकून पाया पडला, आईनं पण हार परत कसा मागायचा म्हणून त्याच्या हातात चार चकल्या ठेवल्या. त्याची रील मात्र झकास झाली. दादा कुठंच नाही, फोन बंद. गाडी रिकामी झाली, सफाईवाले चढले, वहिनींनी डब्यांच्या खिडक्यांतून वाकून वाकून बघितलं, नंतर बघायचं पण सोडलं. आई मला म्हणाली, "तुझ्या तिकिटामुळं तर काय झालं नसंल?"

तेवढ्यात शेजारच्या काकांचा फोन. "अरे कुठं आहात सगळे? हा इथं ओट्यावर झोपलाय की."

झालं होतं असं, की सोबतचा एक फलटणचा होता, त्याच्या भावानं दौंडला जीप आणली होती, मग दादा पण दौंडलाच उतरला आणि बारामती-फलटण करत आमच्या चार तास आधी घरी. मेसेज टाकला होता म्हणे, बॅटरी संपायच्या आधी. तो मला जेजुरीलाच आला होता, बाकी मेसेजांच्या ढिगात. माणूस कुठल्या कुठनं बरोबर घरी आला आणि घराला कुलूप. चावी आईच्या कनवटीला, पुण्यात.

आम्ही रात्री पोचलो तेव्हा ओट्यावर पिट्टू उशाला घेऊन दादा झोपलेला, अंगावर काकूंची गोधडी, बाजूला चिवड्याची रिकामी प्लेट. मी आणलेला आकाशकंदील वर पेटलेला, तो काकांनी लावला होता. पोर जवळ गेली, खूप वेळ बघत उभी राहिली आणि हळूच आईला म्हणाली, "हा पण जतचा आहे का?"

भाऊबीज झाली. तिसऱ्या दिवशी दादा मला म्हणाला, परतीचं बघ जरा, 16 तारखेला जम्मूत हजर व्हायचंय. यायची तारीख कुणालाच माहीत नसते, जायची मात्र पहिल्या दिवसापासून पक्की. मी मोबाइल काढला. तेवढ्यात वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "भाऊजी, आज नका बघू, नेट नाहीये."

आतून त्यांच्या मोबाइलवरच्या सिरियलचा आवाज येत होता.