'पिशवीच नसेल तर कॅन्सर होईल कुठे?'

बायकांच्या व्हॉट्सअॅप गटांत हा निरोप फिरतोय: "पॅप टेस्टमध्ये दोष निघाला म्हणजे कॅन्सर सुरू झाला. मुलं झाली असतील तर पिशवी लगेच काढा. नुसतं शेकून घेतलं तर पुन्हा दिवस राहत नाहीत. पिशवी गेली की तपासण्याही संपल्या." वाक्यं चार, चारही चुकीची.

"कॅन्सर सुरू झाला." पॅप टेस्ट म्हणजे पिशवीच्या तोंडावरच्या पेशींचा नमुना तपासणं. ही चाळणी चाचणी आहे, आणि चाळणीत अडकलेला प्रत्येक दाणा खडा नसतो. पुढे दुर्बिणीतून (कोल्पोस्कोपी) पिशवीचं तोंड बघतात, संशयित जागेचा तुकडा तपासतात. तिथल्या पेशींत कर्करोगपूर्व बदल दिसले तर त्यांना सीआयएन म्हणतात, १ म्हणजे सौम्य, ३ म्हणजे तीव्र. सीआयएन १ निघालं तर ते बहुतेकींचं दोनेक वर्षांत आपसूक जातं. लक्ष ठेवलं की पुरतं. सीआयएन ३ मात्र गंभीर. न्यूझीलंडमध्ये ज्यांना पुरेसे उपचार मिळाले नाहीत, अशा बायकांपैकी सुमारे ३१ टक्के जणींना ३० वर्षांत कर्करोग झाला. म्हणजे उपचार हवेतच, पण उद्या सकाळी टेबलावर झोपायची घाई नाही.

"पिशवी लगेच काढा." सगळ्यात घातक वाक्य हेच. तुकडा न तपासता साधी शस्त्रक्रिया केली आणि आत पसरलेला कर्करोग निघाला, तर ती अपुरी ठरते आणि पुढचे उपचार अवघड होतात. कर्करोगपूर्व डागाला एवढं लागतही नाही. डाग पूर्ण दिसत असेल आणि कर्करोगाचा संशय नसेल, तर गरम टोकाच्या उपकरणाने अर्ध्या मिनिटाच्या आसपास शेकतात. डाग आत गेला असेल तर भूल देऊन तारेच्या कडीने तेवढाच भाग काढतात. त्याला लीप म्हणतात. बहुतेकदा बाई त्याच दिवशी घरी.

या भीतीची किंमत आपण मोजलीय. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली, तेव्हा ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. अंगावरून पांढरं जातं म्हणून गेलेल्या कितीतरी जणींना कॅन्सरचीच भीती घातली होती. (पिशवीच्या तोंडाची 'जखम' तर पुष्कळदा जखमच नसते. आतलं मऊ अस्तर जरा बाहेर दिसतं, इतकंच.)

"दिवस राहत नाहीत." राहतात. लीपमध्ये खोलवर भाग काढला असेल तर बाळंतपण वेळेआधी होण्याचा धोका थोडा वाढतो. म्हणून मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं.

"तपासण्या संपल्या." शेकल्यावर किंवा लीपनंतर वर्षभरात पुन्हा तपासणी लागतेच. आणि सीआयएन २ किंवा ३ साठी पिशवी काढलेली असली, तरी योनीच्या वरच्या टोकाला तसेच डाग येऊ शकतात. तिथला नमुना पुढे कित्येक वर्षं द्यावा लागतो.