मिररलेस घेतला म्हणून पिशवी हलकी होत नाही

छायाचित्रकारांच्या गटांत एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. थोडक्यात तो असा: "डीएसएलआर विकून टाका. मिररलेस घेतला की खांद्यावरचं ओझं निम्म्यावर येतं. जुन्या लेन्स अडॅप्टर लावून तशाच्या तशा चालतात. फोटोचा दर्जा एकदम वाढतो. शटरचा आवाज बंद. आणि व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतं तेच फोटोत उतरतं, त्यामुळे एक्स्पोजर चुकणं संपलं." डीएसएलआरमध्ये लेन्समागे आरसा असतो, मिररलेसमध्ये तो नसतो. मजकुरात पाच दावे आहेत. पाचही अर्धवट खरे आहेत, आणि खिशाला चाट बसते ती उरलेल्या अर्ध्यात.

"ओझं निम्म्यावर येतं."

आरसा आणि प्रिझम गेले की बॉडी हलकी होते, यात वाद नाही. बॅटरी आणि कार्ड धरून निकॉन डी७५० भरतो ८४० ग्रॅम, झेड ६-टू ७०५. कॅनन ५डी मार्क फोर ८९०, आर६ मार्क टू ६७०. म्हणजे बॉडीत सुटले १३५ किंवा २२० ग्रॅम. पण नुसती बॉडी घेऊन कोणी फिरत नाही.

निकॉनची एक नेहमीची जुळणी मांडून पाहा. (२४-७० हा लेन्सचा मिलिमीटरमधला पल्ला, एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त, कंसात ग्रॅम.) डी७५० (८४०), २४-७० एफ/२.८ ई व्हीआर (१०७०), ७०-२०० एफ/२.८ ई एफएल (१४३०) आणि ५० मिमी एफ/१.८ जी (१८५). बेरीज ३५२५ ग्रॅम. आता हीच जुळणी मिररलेसच्या झेड माउंटमध्ये (माउंट म्हणजे लेन्स जोडायची जागा): झेड ६-टू (७०५), २४-७० एफ/२.८ एस (८०५), ७०-२०० एफ/२.८ एस (ट्रायपॉड कॉलरसह १४४०), ५० मिमी एफ/१.८ एस (४१५). बेरीज ३३६५. सगळं विकून सगळं नवं घेतल्यावर वाचले १६० ग्रॅम. डी७५०ची बॅटरी सीपाच्या (कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेच्या) प्रमाण चाचणीत १२३० फोटो देते, झेड ६-टूची व्ह्यूफाइंडर वापरून ३४०. ही तूट भरायला प्रत्येकी सुमारे ८० ग्रॅमच्या दोन बॅटऱ्या पिशवीत टाकल्या की काटा पुन्हा ३५२५ वर. (३४० हा आकडा जरा कंजूष आहे. मिररलेसची बॅटरी फोटोंच्या संख्येपेक्षा कॅमेरा किती वेळ जागा आहे त्यावर उतरते. भराभर फोटो काढणारा या आकड्याच्या बराच पुढे जातो, डोळा लावून वाट पाहत बसणारा मात्र नाही.)

५० मिमीचं वजन दुपटीहून अधिक का झालं, हे समजून घेण्यासारखं आहे. जुन्या जी लेन्समध्ये काचेचे ७ घटक आहेत, नव्या एस लेन्समध्ये १२. नवी लेन्स पूर्ण उघडी ठेवली तरी कोपऱ्यांपर्यंत धारदार राहते, आणि त्याची किंमत ग्रॅममध्येही मोजावी लागते. नवं माउंट आल्यावर कंपन्यांनी वाचलेली जागा बहुतेक वेळा वजन घटवण्यापेक्षा दर्जा वाढवण्यावर खर्च केली.

कॅननमध्ये चित्र थोडं बरं आहे. ५डी मार्क फोर, ईएफ २४-७० एफ/२.८ टू (८०५) आणि ईएफ ७०-२०० एफ/२.८ थ्री (१४८०) मिळून ३१७५ ग्रॅम. आर६ मार्क टू, आरएफ २४-७० एफ/२.८ (९००) आणि आरएफ ७०-२०० एफ/२.८ (१०७०) मिळून २६४०. घट ५३५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम सहावा हिस्सा. त्यातही २४-७० उलट ९५ ग्रॅमने जड झाली, कारण तिच्यात आता कंपनरोधक यंत्रणा आहे. लेन्समधली सगळी कमाई एकट्या ७०-२००ची. ती झूम करताना नळी बाहेर काढते, म्हणून मिटवल्यावर आखूड होते. मात्र या लेन्सला टेलिकन्व्हर्टर (पल्ला वाढवणारी जोडलेन्स) लावता येत नाही. पक्ष्यांसाठी २एक्स लावून ४०० मिमी गाठायची सवय असेल, तर हे ४१० ग्रॅम महागात पडतील.

आणि टेलिफोटोत तर भौतिकशास्त्रच आडवं येतं. निकॉनमध्ये माउंट ते सेन्सर हे अंतर ४६.५ मिमीवरून १६ वर आलं, कॅननमध्ये ४४ वरून २० वर. याचा फायदा मुख्यतः वाइड अँगलला होतो. ४०० मिमी एफ/२.८ ला समोरचं तोंड ४०० भागिले २.८, म्हणजे जवळपास १४३ मिमीचं लागणारच, मागे आरसा असो वा नसो. कॅननची ईएफ ४०० एफ/२.८ थ्री २८४० ग्रॅमची आहे, तिचीच आरएफ आवृत्ती २८९० ची. पन्नास ग्रॅम वाढले!

तक्रार फक्त खांद्याची असेल, तर आधी बॉडी न बदलता हिशेब करा. त्याच डी७५०वर २४-७०च्या जागी २४-१२० एफ/४ जी (७१०) आणि ७०-२००च्या जागी एएफ-पी ७०-३०० (६८०) लावली की १११० ग्रॅम उतरतात. बदल्यात २४-१२०वर एक आणि ७०-३००च्या लांब टोकाला दोन स्टॉप प्रकाश जातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). उजेडातल्या भटकंतीला चालेल, संध्याकाळच्या लग्नमंडपात नाही. ओझं खरोखर निम्मं करायचं असेल, तर सेन्सर लहान घ्यावा लागतो. ओएम-५ (४१४), १२-४० एफ/२.८ (३८२) आणि ४०-१५० एफ/४ (३८२) मिळून ११७८ ग्रॅम होतात, आणि दृश्यकोन फुल-फ्रेमच्या (वरच्या निकॉन-कॅननच्या मोठ्या सेन्सरच्या) हिशेबाने २४ ते ३०० मिमीचा मिळतो. हा मायक्रो फोर थर्ड्स सेन्सर क्षेत्रफळाने फुल-फ्रेमच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढा आहे. अंधारात दोन स्टॉपचा फरक दिसतो, पार्श्वभूमीही तेवढी धूसर होत नाही. फिरणाऱ्या मजकुरात या सौद्याचा उल्लेख कुठेच नसतो.

"जुन्या लेन्स तशाच्या तशा चालतात."

अडॅप्टर म्हणजे पोकळ नळी. निकॉनचा ३०.५ मिमीची जागा भरतो, कॅननचा २४ मिमीची. आत काच नसल्याने चित्राचा दर्जा बिघडत नाही, इथवर दावा बरोबर. पण निकॉनचा एफटीझेड-टू अडॅप्टर १२५ ग्रॅमचा आहे. झेड ६-टूला तो कायमचा जोडून ठेवला तर होतात ८३०, आणि डी७५० होता ८४०. दहा ग्रॅमसाठी एवढा उपद्व्याप!

चालतात म्हणजे कशा चालतात, तेही पाहू. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये १९८७ पासून मोटर लेन्सच्या पोटातच आहे, म्हणून त्या अडॅप्टरवर व्यवस्थित ऑटोफोकस करतात. निकॉनच्या, मोटर आत असलेल्या एएफ-एस आणि एएफ-पी लेन्सही करतात. जुन्या एएफ-डी मात्र करत नाहीत: त्यांना बॉडीतल्या मोटरचा स्क्रू लागतो, तो ना एफटीझेडमध्ये आहे ना झेड बॉडीत. कपाटात ८५ किंवा १०५ डी असेल तर ती हाताने फोकस करावी लागेल. लहान सेन्सरसाठीची ईएफ-एस किंवा डीएक्स लेन्स फुल-फ्रेमवर लावली की कॅमेरा चौकट कापतो, आणि २४ मेगापिक्सेलचे कॅननमध्ये सुमारे ९, निकॉनमध्ये सुमारे १० उरतात. तिसऱ्या कंपनीची लेन्स असेल तर विकत घेण्याआधी तीच लेन्स त्याच बॉडीवर लावून सलग पन्नासेक फोटो काढा. फोकस थरथरतोय का, मधेच लेन्सचा संपर्क तुटतोय का, ते तिथेच कळतं. जड लेन्स अडॅप्टरवर असेल तेव्हा ट्रायपॉडला लेन्सचा पाय लावा, बॉडी नको. नाहीतर सगळा भार दोन माउंटच्या सांध्यांवर लटकतो.

उलटी वाट बंद आहे. झेड किंवा आरएफ लेन्स डीएसएलआरवर लागूच शकत नाही. दोन्ही बॉडी काही काळ शेजारी वापरायच्या असतील, तर तोवरची खरेदी जुन्या माउंटमध्ये केलेली बरी.

"फोटोचा दर्जा एकदम वाढतो."

दहा वर्षं जुनी बॉडी सोडून आजची घेतली तर वाढेलच, पण ते श्रेय दहा वर्षांचं. निकॉन डी७८० आणि झेड ६ एकाच पिढीचे, दोघांचे सेन्सर २४.५ मेगापिक्सेलचे. त्याच लेन्सने काढलेल्या रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइलींत कोणता फोटो कोणाचा, हे ओळखून दाखवावं. स्थिर विषयाला बॉडीतल्या कंपनरोधाचा फायदा नक्की होतो. धावत्या मुलाला नाही.

"शटरचा आवाज बंद."

बिनआवाजी म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर, आणि ते सेन्सर ओळीओळीने वाचतं. यांत्रिक पडदा चौकट साधारण १/२५० सेकंदात ओलांडतो. स्टॅक्ड (थरांच्या रचनेचे, जलद वाचणारे) नसलेल्या बऱ्याच फुल-फ्रेम सेन्सरांना त्याच कामाला १/१५ ते १/६० सेकंद लागतो. तेवढ्यात बॅट वाकडी दिसते, पंख्याची पाती केळीसारखी होतात. एलईडी दिव्यांखाली आडवे पट्टे येतात. ५० हर्ट्झ विजेवर दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, म्हणून शटर १/१०० किंवा १/५० ठेवा. ६० हर्ट्झवर १/१२५ किंवा १/६०. एलईडी स्क्रीन आणि मंचावरचे दिवे मात्र याहून वेगळ्या गतीने लुकलुकतात. तिथे चाचणीचा फोटो मोठा करून पाहण्यावाचून इलाज नाही. बहुतेक बॉडींत या शटरवर फ्लॅश उडत नाही, काहींत रॉ १४ ऐवजी १२ बिटची होते. निकॉन झेड ९ मध्ये यांत्रिक शटरच नाही, कारण त्याचा स्टॅक्ड सेन्सर पुरेसा जलद वाचतो. ते उदाहरण दाखवून मधल्या किमतीचा कॅमेरा खपवणं ही सरळ दिशाभूल.

"दिसतं तेच उतरतं."

व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतो तो निवडलेल्या पिक्चर स्टाइलमधला जेपेग, रॉ नव्हे. लग्नातली पांढरी साडी जळल्यासारखी (पांढरीफटक, तपशील गेलेली) दिसत असली तरी रॉमध्ये तपशील शिल्लक असू शकतो. शिवाय डोळ्याजवळच्या त्या छोट्या पडद्याचा उजळपणा आपोआप बदलत राहतो, म्हणून तो मॅन्युअलवर ठेवून भरवसा हिस्टोग्रामवर (उजेडाच्या आलेखावर) ठेवा. स्टुडिओत तर हा दावा उलटा पडतो. १/२००, एफ/८, आयएसओ १०० लावलं की व्ह्यूफाइंडर काळाठिक्कर, कारण कॅमेऱ्याला फ्लॅशचा उजेड आधी दिसत नाही. नव्याने आलेल्यांना वाटतं कॅमेरा बिघडला. मेनूत जाऊन एक्स्पोजर सिम्युलेशन (एक्स्पोजरचा परिणाम आधीच दाखवण्याची सोय) बंद करा. सोनीत हीच सोय लाइव्ह व्ह्यूच्या सेटिंग इफेक्ट या नावाखाली सापडते.

गंमत म्हणजे मिररलेस घ्यावा असं जे खरं कारण आहे, ते या मजकुरात नाहीच: फोकस. डीएसएलआरचा फोकस आरशाखालच्या वेगळ्या मॉड्यूलमध्ये मोजला जातो. ते मॉड्यूल आणि सेन्सर यांच्यात केसभर फरक पडला की डोळ्याऐवजी कान धारदार येतो, आणि मग लेन्सगणिक फाइन-ट्यून करत बसावं लागतं. मिररलेस थेट सेन्सरवरच मोजतो, त्यामुळे ती भानगड उरत नाही. डोळा ओळखून तो चौकटभर धरून ठेवणं जमतं. आणि जिथे बऱ्याच डीएसएलआरचा ऑटोफोकस एफ/५.६ किंवा एफ/८ च्या पुढे हात टेकतो, तिथेही हा चालतो. एफ/१.४ ला माणसांचे फोटो काढणाऱ्याने एवढ्यासाठीच बॉडी बदलली तरी ती चूक ठरणार नाही.

फक्त दोन सवयी बदलाव्या लागतील. पहिली लेन्स काढण्याची. समोर आरसा नसल्याने सेन्सर उघडाच असतो. काही बॉडी बंद केल्यावर पडदा ओढून घेतात, तेव्हा आधी कॅमेरा बंद करा, पडदा मिटू द्या, मग तोंड खाली धरून लेन्स बदला. मिटलेल्या पडद्यावर ब्लोअर मारू नका, त्याची पाती नाजूक असतात. दुसरी सवय फोकसची. बऱ्याच सेन्सरांवरचे फोकसबिंदू एकाच दिशेचा फरक ओळखतात. आडव्या पट्ट्यांचा सदरा किंवा खिडकीच्या आडव्या झडपा समोर आल्या की फोकस पुढे-मागे शोधत राहतो. अशा वेळी कॅमेरा दहा-पंधरा अंश तिरका करून फोकस धरायचा, तो तसाच कुलूपबंद करायचा आणि मग चौकट सरळ करून बटण दाबायचं.