तेरा दात

सात हजार आरपीएमच्या वर, म्हणजे इंजिन मिनिटाला सात हजारांहून जास्त फेरे घ्यायला लागलं की, माझी यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल काय करायची ते मला नीट सांगता येणार नाही, कारण तेव्हा माझे डोळे मिटलेले असायचे. सात हजारांच्या खाली ती काय करायची ते मात्र अख्ख्या टिळक रोडने डोळे भरून पाहिलंय. सिग्नल सुटायचा, मी क्लच सोडायचो, मूठ पिळायचो आणि गाडी दुपारी दोन वाजता बेल वाजवलेल्या पुणेरी घरासारखी वागायची. आत कुणीतरी आहे हे आवाजावरून कळायचं, पण दार काही उघडायचं नाही.

१९८५ साली ही गाडी बाजारात आली तेव्हा मी सायकलवर होतो आणि १९९६ साली बंद झाली तेव्हा घराच्या हप्त्यांवर. त्यामुळे आत्ता कुठे, निवृत्तीला चार वर्षं उरलेली असताना, एका मुलाकडून ती जुनी घेतली. ९८ सीसी, साडेसात हजार आरपीएमला ११ अश्वशक्ती, हे आकडे मला कॉलेजपासून पाढ्यांसारखे पाठ. मुलगा म्हणाला, "काका, रेसिंगचं काम केलंय हिच्यावर." श्रीखंडात केशर घातलंय हे ज्या सुरात सांगतात, त्याच सुरात. मीही केशराचे पैसे दिले.

पहिल्याच रविवारी हिला मागे बसवून सिंहगडावर निघालो. खडकवासल्यापर्यंत आम्ही नवरा-बायको होतो. घाट सुरू झाला तशी गाडी पहिल्या गिअरमध्ये किंचाळायची आणि दुसरा टाकला की मान टाकायची. मधलं काही नाहीच. तिसऱ्या वळणावर ती बंद पडली. वडापच्या जीपमधून एक आजी दह्याची मडकी घेऊन वर चालल्या होत्या, त्यांनी आमच्याकडे ज्या करुणेने पाहिलं ती मला अजून पचलेली नाही. "अहो, मी चालते, तुम्ही या मागून," असं म्हणून ही खरोखरच पुढे निघून गेली.

नाना पेठेतल्या एका बोळात मामांचं गॅरेज आहे. मामांनी गाडी चालू केली, बंद केली, सायलेन्सरवर दोन टिचक्या मारल्या आणि विचारलं, "साहेब, तुम्ही रेसला जाता का?"

"नाही. मंडईत जातो."

"मग हा पाइप कशाला?"

पुढचा अर्धा तास मामांनी मला टू-स्ट्रोक शिकवलं. हे कुणीतरी आपल्याला वीस वर्षांचे असताना सांगायला हवं होतं. या इंजिनाला फोर-स्ट्रोकसारखे यंत्राने उघडझाप होणारे व्हॉल्व्ह नसतात. पिस्टन खाली गेला की सिलिंडरच्या भिंतीतली दारं उघडतात, वर आला की मिटतात. जळका धूर बाहेर जायचं दार आणि ताजं पेट्रोल आत यायचं दार काही वेळ एकदमच उघडी असतात. म्हणजे मंगल कार्यालयात एका दाराने पाहुणे येतायत आणि न जेवता दुसऱ्या दाराने चाललेत. "सायलेन्सर म्हणजे फाटकावर उभे केलेले मुलीचे काका समजा," मामा म्हणाले. धुराचा दणका पाइपात जातो, शेवटच्या निमुळत्या भागावर आपटून माघारी फिरतो आणि निसटलेलं ताजं पेट्रोल परत आत ढकलतो. अहो, जेवल्याशिवाय कुठे निघालात? तेवढ्यात पिस्टन दार लावून घेतो. पंगत भरलेली, इंजिन खूश.

सगळी गंमत वेळेची. काकांची फाटकापर्यंतची ये-जा पाइपाच्या लांबीवर ठरते, दाराची उघडझाप आरपीएमवर. माझा पाइप आखूड होता, त्यामुळे काका लवकर परतायचे. साडेसात-आठ हजारांवर दार इतकं झपाझप मिटायचं की दोघांची वेळ बरोबर जुळायची. तीन हजारांवर काका यायचे, ढकलायचे, दमून परत फिरायचे, तरी दार उघडंच. पाहुणे केव्हाच रिक्षात. त्यातून त्या मुलाने कानस मारून एक्झॉस्टचं, म्हणजे धुराचं दार वर सरकवलं होतं. म्हणजे ते उघडायचं लवकर आणि मिटायचं उशिरा. गाडी लिटरला २० किलोमीटर का देते आणि आमचा पार्किंगचा जिना पेट्रोल पंपासारखा का वासतो, ही दोन्ही कोडी मला त्या दिवशी सुटली.

तरीही मी शहाणपणा केलाच. पाइप महाग, जेट स्वस्त, म्हणून कार्बोरेटरचे मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकं, आणून स्वतः बदलत बसलो. मोठा घातला, लहान घातला, पुन्हा मोठा. ढिम्म फरक पडेना. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मेन जेट मूठ पाऊणच्या वर गेली की काम करतो. पुण्यात तुमची मूठ पाऊणच्या वर जाते कधी?" पाव मुठीपर्यंत पायलट जेट, तिथून पाऊणपर्यंत निडल, म्हणजे मुठीबरोबर वर-खाली होणारी सुई. माझं सगळं वाहनजीवन निडलच्या क्लिपवर चाललंय आणि मी भलत्याच ठिकाणी पाना लावत होतो. मामांनी क्लिप एक खाच खाली सरकवली, म्हणजे निडल वर आली आणि पेट्रोल जरा जास्त. मग प्लग काढून दाखवला. अमृततुल्यच्या चहाचा रंग आला की समाधानी राहायचं. पांढरा पडला तर पेट्रोल कमी पडतंय आणि पिस्टन जाम व्हायची लक्षणं, काळा पडला तर उधळपट्टी. हल्ली मी हॉटेलातही चहाकडे तसाच बघतो.

इंजिनात ताजं पेट्रोल येऊ देणाऱ्या आणि परत जाऊ न देणाऱ्या रीडच्या एका पत्तीचा कोपरा उडालेला निघाला, ती बदलली. कानस मारलेलं दार काही परत खाली येत नाही, म्हणून सिलिंडरच्या ब्लॉकखालचं जाड पॅकिंग काढून पातळ घातलं. ब्लॉक बसला की त्याच्याबरोबर दारंही खाली येतात आणि वर कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, वाढतं. फार खाली आला तर पिस्टन हेडला टेकेल, म्हणून मामांनी प्लगच्या भोकातून सोल्डरची तार आत घातली, हळूच किक फिरवली आणि ती किती चेपली ते मोजलं. आमच्या बँकेत इतक्या काळजीने कधी काही मोजलेलं मी पाहिलं नाही. शेवटी चेनचं पुढचं १४ दातांचं चक्र काढून १३ दातांचं बसवलं. ओढ सातेक टक्क्यांनी वाढली, वेग तेवढाच गेला.

राहिला मूळ सायलेन्सर. तो रविवारी जुन्या बाजारात सापडला, एका शिलाई मशीनच्या चाकाखाली.

"अठराशे. ओरिजिनल आहे."

"गंजलाय."

"गंजपण ओरिजिनल आहे."

यावर काय बोलणार? चौदाशेला घेतला. आतला काजळीचा थर काढायला कॉस्टिक सोड्याचं पाणी भरून रात्रभर गॅलरीत उभा करून ठेवला. सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा संदेश होता, "गॅलरीत तोफ ठेवण्यास मनाई आहे."

पुढच्या रविवारी पुन्हा सिंहगड. तिसरं वळण आलं, मी सवयीने श्वास रोखला आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, अर्ध्या मुठीवर, बैलगाडीच्या निर्धाराने चढत राहिली. आवाजही कसला, घुमल्यासारखा. वर पिठलं-भाकरी खाताना ही म्हणाली, "आता वळणावर मला उतरायची तयारी करायला नको." आमच्याकडे याला कौतुक म्हणतात.

काल पुतण्या आला. गाडी घेऊन बायपासला चक्कर मारून आला आणि हेल्मेट काढत म्हणाला, "काका, वर काहीच नाही हो हिला. साठनंतर नुसती ओरडते. एक्झॉस्ट पोर्ट थोडा वर घेऊया? पाइप आहे माझ्या मित्राकडे. आत्ताच घेऊन जातो हिला." तो फाटकापर्यंत पोहोचलाही होता. मी धावत गेलो, "अरे, काकूने पोहे केलेत, खाल्ल्याशिवाय कुठे?" म्हणून त्याला परत आत ढकललं, आणि तो दुसऱ्यांदा पोहे घेईपर्यंत चावी डाळीच्या डब्यात लपवली.