'बायकांना वकिलीची बंदी कधी नव्हतीच' म्हणे!

व्हॉट्सॲपवर एक मेसेज अधूनमधून डोकं वर काढतो. मजकूर थोडक्यात असा: भारतात बायकांना वकिली करायला कायद्याने कधी बंदी नव्हती, कॉर्नेलिया सोराबजी 1894 पासून वकिली करतच होत्या, पाश्चात्त्यांना हे सुचण्याआधी आपण करून दाखवलं, बायका या क्षेत्रात कमी दिसल्या, कारण त्यांनाच आवड नव्हती. यातला एक दावा अर्धा खरा आहे. त्याच्याकडे येतोच.

आधी बंदीचं. 1879 चा लीगल प्रॅक्टिशनर्स ॲक्ट चाळला तर 'बायकांना सनद देऊ नये' असं वाक्य खरोखरच सापडत नाही. मेसेज लिहिणारा बहुधा इथेच थांबला. रेजिना गुहांनी मात्र सनद खरोखर मिळते का, हे प्रत्यक्ष अर्ज करून पाहिलं. एम.ए. आणि बी.एल. (कायद्याची पदवी) झालेल्या या बाईंनी 1916 मध्ये अलीपूरच्या जिल्हा न्यायालयात प्लीडर, म्हणजे वकील, म्हणून नाव नोंदवायला अर्ज दिला. प्रकरण कलकत्ता हायकोर्टात गेलं आणि पाच न्यायाधीशांपुढे चाललं. गुहांची बाजू सरळ होती: कायदा 'व्यक्ती' म्हणतो, आणि पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही धराव्यात असं कायद्यांतल्या शब्दांचा अर्थ कसा लावायचा ते ठरवणारा जनरल क्लॉजेस ॲक्टच सांगतो. पण त्याच तरतुदीत एक पळवाट होती, संदर्भ आड येत नसेल तरच. कोर्टाने नेमकी तीच धरली. हा व्यवसाय आजवर पुरुषांचाच, कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोरही पुरुषच होते, म्हणून बाई यात बसत नाही. अर्ज फेटाळला. 1921 मध्ये पाटणा हायकोर्टाने सुधांशुबाला हाजरांनाही नकार दिला, आणि तिथेही गुहांचाच निकाल आडवा आला.

म्हणजे कलमात नसलेली बंदी न्यायाधीशांनी कलमात वाचली. बंदी नव्हतीच, तर 1923 मध्ये लीगल प्रॅक्टिशनर्स (विमेन) ॲक्ट कशाला करावा लागला? त्या इवल्याशा कायद्याचं सगळं सार एवढंच, की केवळ स्त्री आहे म्हणून कोणी वकिलीला अपात्र ठरणार नाही.

आता सोराबजी. नाशिकचा जन्म, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिक्षण, 1892 मध्ये ऑक्सफर्डला बी.सी.एल. या कायद्याच्या पदवीची परीक्षा. ही परीक्षा देणारी ती पहिली बाई. परीक्षेला बसू दिलं, पदवी दिली नाही. ती हातात पडली 1922 मध्ये. तीस वर्षांनी! 1894 हे त्या भारतात परतल्याचं साल आहे, सनद मिळाल्याचं नव्हे. मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. (1897) झाली, अलाहाबाद हायकोर्टाची प्लीडरची परीक्षा (1899) झाली, तरी सनद नाहीच. 1904 मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये (स्वतः कारभार पाहू न शकणाऱ्यांच्या इस्टेटी सांभाळणारं सरकारी खातं) त्यांना नेमलं गेलं, ते पडदानशीन बायकांसाठी. या बायकांच्या नावावर इस्टेटी असत, पण परपुरुष वकिलासमोर बसायची सोय नसे. कारभाऱ्याने पुढे केलेल्या कागदात काय लिहिलंय हे विचारायचं तरी कुणाला? सोराबजी थेट जनानखान्यात जात, ऐकून घेत, सल्ला देत. हे काम मोठंच होतं, पण सनद घेऊन केलेली वकिली ती नव्हे. अलाहाबाद हायकोर्टाने त्यांचं नाव नोंदवलं 24 ऑगस्ट 1921 ला. तेव्हा त्या पंचावन्नाव्या वर्षात होत्या.

तिसरा दावा, अर्ध्या खऱ्याचा: पाश्चात्त्यांच्या आधी आपण करून दाखवलं. अलाहाबादची तारीख इंग्लंडच्या आधीची आहे, हे कबूल. तिथे स्त्रियांना वकिली खुली करणारा 1919 चा कायदा झाल्यावर आयव्ही विल्यम्स पहिल्या महिला बॅरिस्टर झाल्या त्या मे 1922 मध्ये. पण इंग्लंड म्हणजे अख्खा पश्चिम नाही. अमेरिकेत आयोवा राज्याने अरबेला मॅन्सफिल्डना 1869 मध्येच वकिलीत प्रवेश दिला होता, कॅनडात क्लारा ब्रेट मार्टिन 1897 मध्ये वकील झाल्या. अर्थात तिकडेही सगळा आनंदच नव्हता. कायद्याचं साप्ताहिक चालवणाऱ्या मायरा ब्रॅडवेलनी वकिलीचा परवाना मागितला, तर अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 1873 मध्ये दाद दिली नाही, आणि एका न्यायमूर्तींनी तर पत्नी-माता होणं हेच स्त्रीचं नियत कर्तव्य असल्याचं लिहून ठेवलं. तेव्हा शर्यत लावून फारसं काही हाती लागत नाही.

राहिली 'आवड'. आवड नसलेली बाई हायकोर्टापर्यंत भांडत जात नाही, हे गुहा आणि हाजरांवरून दिसतंच. पण सनद मिळाली तरी ब्रीफ, म्हणजे खटल्याचं काम, कोण देणार? मिठन टाटा (लग्नानंतर मिठन लाम) 1923 मध्ये लंडनच्या लिंकन्स इन या बॅरिस्टरांच्या संस्थेतून बॅरिस्टर झाल्या आणि मुंबई हायकोर्टात वकिली करणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. आपल्या पहिल्या कामाबद्दल त्यांनीच सांगितलंय: अशिलाची केस इतकी पक्की होती की प्रतिपक्ष हरणारच होता, अशिलाला फक्त तो एका बाईकडून हरल्याची नामुष्की हवी होती. काम मिळालं, तेही असं!

त्याच मुंबई हायकोर्टात पहिली महिला न्यायाधीश, सुजाता मनोहर, आली 1978 मध्ये. हायकोर्ट सुरू झालं होतं 1862 ला. सुप्रीम कोर्टात फातिमा बीवींची नेमणूक 1989 ची, म्हणजे कोर्ट सुरू झाल्यावर 39 वर्षांनी, आणि 2021 मध्ये एकाच दिवशी तिघींनी शपथ घेतली तेव्हा तिथवर पोचलेल्यांचा एकूण आकडा जेमतेम अकरा झाला. या नेमणुका कुणाच्या आवडीनिवडीवर होत होत्या, तेही मेसेजवाल्याने एकदा लिहावं.