पडद्यातला सूर्य डावीकडे

काल रात्री लेकीबरोबर ‘ऑब्लिव्हियन’ पाहिला. टॉम क्रूझचा, २०१३ सालचा. माझी तिसरी वेळ, तिची पहिली. (पुढे स्टोरी फुटणार आहे. इतक्या वर्षांनी त्यावरून कुणी रागावू नये.)

पाऊण तास झाला नसेल, कार्टी म्हणाली, “बाबा, हा क्लोन आहे ना?”

मी काहीच बोललो नाही. चिवड्याची वाटी तिच्याकडे सरकवली.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साल २०७७. साठ वर्षांपूर्वी परग्रहावरच्यांनी येऊन चंद्र फोडला, त्यापायी पृथ्वीवर भूकंप आणि सुनामी झाल्या, मग युद्ध झालं. युद्ध माणसांनी जिंकलं, पण पृथ्वी राहण्याजोगी उरली नाही, म्हणून सगळे शनीच्या टायटन या चंद्रावर गेले. मागे राहिले जॅक आणि व्हिक्टोरिया, समुद्राचं पाणी ओढणाऱ्या अवाढव्य यंत्रांची आणि त्यांच्यावर पहारा देणाऱ्या ड्रोनची देखभाल करायला. निदान त्यांना तरी तसं सांगितलेलं आहे. हिशोब केला तर हल्ला येतो २०१७ मध्ये. त्या वर्षी आपल्याकडे जीएसटी आला.

आता यात नवीन काय? काही नाही. एकटा कामगार आणि त्याच्यापासून लपवलेलं सत्य हे २००९ च्या ‘मून’मध्ये झालं. ओसाड पृथ्वीवर कचऱ्यातून वस्तू गोळा करणारा, हिरवं रोप दिसलं की हरखणारा जीव ‘वॉल-ई’मध्ये होता. वाळूत गाडलं गेलेलं न्यूयॉर्क बघून १९६८ चा ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ आठवतो. मॉर्गन फ्रीमन अंधारात काळे गॉगल लावून बसतो आणि नायकाला म्हणतो की तुला खरं काही ठाऊक नाही, तेव्हा तर ‘मेट्रिक्स’चाच सेट भाड्याने आणलाय की काय असं वाटतं. क्लोनवरचा सिनेमा स्वतःच चार सिनेमांचा क्लोन, असं तेव्हा माझा एक मित्र म्हणाला होता. पुण्यात इंटरव्हलला समोसा खाताना. मला ते तेव्हाही मान्य होतं.

तरी मी तिसऱ्यांदा पाहिला. का, ते सांगायला जरा आमच्या दुकानात यावं लागेल.

कराडला अण्णांचा फोटो स्टुडिओ होता, आता मी चालवतो. आत कोल्हापूरहून रंगवून आणलेला पडदा होता. संगमरवरी जिना, कमळांचं तळं, दोन हंस आणि डाव्या कोपऱ्यात मावळता सूर्य. नवीन लग्न झालेली जोडपी त्या जिन्यापुढे उभी राहायची. अण्णांचा एकच नियम होता, “पडद्यातला सूर्य डावीकडे आहे, लाइट डावीकडूनच मार.” मी एकदा उजवीकडून मारला. फोटो धुऊन आल्यावर त्यांनी तो माझ्यापुढे धरला. नवरा-नवरी चांगली दिसत होती, पण ती त्या तळ्याकाठी नव्हतीच. स्टुडिओत होती.

पुढे माझ्या काळात पडदा गेला आणि हिरवं कापड आलं, ज्याच्या जागी नंतर कॉम्प्युटरवर हवं ते चित्र बसवतात. त्याचा त्रास ज्याने भोगला त्यालाच कळेल. एका नवरीला मागे स्वित्झर्लंड पाहिजे होतं. शूट झालं, डोंगर लावले, सगळे खूश. घरी मोठ्या स्क्रीनवर पाहतो तर नथीच्या प्रत्येक मोत्यात हिरवा ठिपका! शालूच्या जरीत हिरवं, गालाच्या कडेला हिरवं. तीन रात्री बसून मोती पांढरे केले. तरी चेहऱ्यावर आल्प्सचा उजेड काही आला नाही. कापडातून डोंगराचा उजेड येणार कुठून?

आता सिनेमातलं ते घर बघा. ढगांच्या वर, उंच खांबावर, सगळं काचेचं. चकचकीत फरशी, चकचकीत टेबल, चहूबाजूंनी आभाळ. हे निळ्या किंवा हिरव्या कापडापुढे शूट केलं असतं तर माझ्या नवरीच्या नथीचं झालं ते अख्ख्या घराचं झालं असतं. दिग्दर्शक जोसेफ कोसिन्स्की मुळात आर्किटेक्चर शिकलेला माणूस. त्याने आणि कॅमेरामन क्लॉडिओ मिरांडाने काय केलं? हवाई बेटांवर हालेआकाला नावाचा ज्वालामुखी आहे, तीन हजार मीटरहून उंच. त्याच्या माथ्यावर शेजारी शेजारी कॅमेरे लावून खाली पसरलेले ढग, पहाट, संध्याकाळ सगळं टिपून आणलं. मग लुइझियानात स्टुडिओमध्ये घर बांधलं, घराभोवती सुमारे ५०० फूट लांब आणि ४२ फूट उंच पडदा गुंडाळला आणि २१ प्रोजेक्टर लावून त्यावर ते आभाळ सोडलं.

म्हणजे आमचाच पडदा की हो! फक्त याच्यातला सूर्य खरोखर उजेड देत होता. नट खिडकीशी उभा राहिला की त्याच्या कपाळावर पडणारा केशरी रंग त्या पडद्यावरून आलेला. काचेतलं प्रतिबिंबही तिथलंच. नंतर कॉम्प्युटरवर बसवलेलं नाही. युक्तीही नवी नाही बरं का. कुब्रिकच्या १९६८ च्या ‘२००१’ या सिनेमातल्या आदिमानवांच्या मागचं आफ्रिका असंच पडद्यावर टाकलेलं होतं. स्टोरी जुनी, तंत्रही जुनंच, पण बसवणाऱ्याचा हात असा की बस.

एक जागा मी दोनदा मागे घेऊन पाहिली. व्हिक्टोरिया सकाळी टेबलाशी बसलेली असते. टेबल म्हणजे उजेडाचा पाट. खालून पांढरा प्रकाश हनुवटीवर, मागून पहाटेचा फिकट गुलाबी मानेवर, आणि डोळ्यांत दोन्ही. ती वरिष्ठांशी बोलते आहे, जोडी म्हणून आमचं उत्तम चाललंय असं ठरलेलं उत्तर देते आहे. आवाज शांत. पण दोन उजेडांच्या मधे तिचा चेहरा असा काही अडकलेला दिसतो की ही बाई कशाला तरी घाबरते हे कळतं. पुढे जॅक खालून एक फूल आणतो आणि ती ते नियमावर बोट ठेवून सरळ खाली टाकून देते, तेव्हा धक्का बसत नाही. चेहऱ्याने आधीच सांगितलेलं असतं. अँड्रिया राइझबरोचं काम. तिच्यासाठी पुरस्कारबिरस्कार कुणी दिला नाही.

उत्तरार्ध ढिला आहे, लपवत नाही. जॅकची खरी बायको ज्युलिया, तिच्या वाट्याला बघत राहण्यापलीकडे काम नाही. ड्रोनची मारामारी लांबते. मॉर्गन फ्रीमन येतो, समजावतो, जातो. तेवढ्यात मी चहा टाकून आलो.

पण एक गंमत मला पहिल्या दोन वेळा दिसलीच नव्हती. पडक्या लायब्ररीत जॅकला एक पुस्तक सापडतं. प्राचीन रोमवरची वीरकाव्यं, कवी मेकॉले. हो, तोच, १८३५ च्या इंग्रजी शिक्षणाच्या टिपणाचा! त्या पुस्तकाची कल्पना त्याला निलगिरीच्या पायथ्याच्या जंगलात सुचली आणि बऱ्याचशा ओळी उटीत कंटाळत बसून लिहिल्या. पुस्तक निघालं १८४२ ला. त्यातली जॅकची आवडती गोष्ट होरेशियसची: शत्रू चालून येतोय, मागे पूल तोडायचं काम सुरू आहे, आणि तोवर हा पठ्ठ्या पुलाच्या तोंडाशी उभा.

ही गोष्ट तुम्हा-आम्हाला कुणी सांगायची? घोडखिंड, १६६०. होरेशियस निदान नदी पोहून वाचतो, बाजीप्रभू वाचत नाहीत. जॅकही नाही. बाजी पडणार हे आपल्याला बालवाडीपासून ठाऊक असतं. तरी शाहिराने डफावर थाप मारून खिंड सुरू केली की मंडपात सुई पडली तरी ऐकू येते. “पुढं काय झालं?” असं कुणी विचारत नाही. विशाळगडाच्या तोफा हा गडी कसा वाजवतो, त्याकडे सगळ्यांचे कान. गणपतीत मी हे लहानपणापासून बघत आलोय. आणि इंग्रजी सिनेमाला गेलो की आपण स्टोरी नवीन नाही म्हणून नाक मुरडतो.

याचा अर्थ काहीही खपतं असा नाही. चांगल्या शाहिराच्या मागून वाईट शाहीर आला की तीच खिंड जांभया आणते. गोष्ट सोपी असली की बाकीचं काम दुप्पट चोख लागतं. कोसिन्स्कीने पुढेही तोच धंदा केला. २०२२ ला ‘टॉप गन’चा दुसरा भाग, २०२५ ला ‘एफ वन’, दोन्हीकडे कॅमेऱ्यावर पुन्हा मिरांडा. दोन्हींत जुना खेळाडू परत मैदानात येतो, शेंबडं पोरही शेवट सांगेल. पण विमानाच्या कॉकपिटमध्ये खरा कॅमेरा बसवला की नटाचे गाल खरोखर मागे ओढले जातात.

असो. शेवटाकडे आम्ही दोघंही गप्प होतो. जॅक, म्हणजे एकोणपन्नास नंबरचा क्लोन, मरतो. तीन वर्षांनी ज्युलियाच्या तळ्याकाठच्या घरी बावन्न नंबरचा येतो. तोच चेहरा, त्याच आठवणी. संगीत वाढतं. आपण सुखी व्हावं अशी अपेक्षा आहे.

लेक ताडकन उठून बसली. “पण हा तो नाहीये!”

“अगं, चेहरा तोच आहे की.”

“चेहऱ्याचं काय घेऊन बसलात बाबा!”

फोटोवाल्याच्या घरात हे असं बोलणं! एक वाजेपर्यंत आमचं भांडण चाललं. शेवटी आतून हिची हाक आली की दिवे बंद करा.